हिर्डोशी खोऱ्यातल्या शेतासाठी भरवशाची फोर-बाय-फोर कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भोरच्या पश्चिमेला हिर्डोशी खोऱ्यात वडिलोपार्जित जमीन आहे. कुटुंब पुण्यात राहतं, आठवड्यातून एकदा शेतावर जाणं होतं, बरोबर ६८ वर्षांची आई असते. डांबरी संपल्यावर अडीच किलोमीटर कच्ची वाट, मध्ये एक ओढा आणि ओढ्याला लागूनच चढ. पावसाळ्यात छोटी कार ओढ्याच्या अलीकडेच लावावी लागते. बजेट ऑन-रोड १८ लाखांपर्यंत. महिंद्राची नवी थार, मारुतीची नवी जिमनी, की जुनी मारुती जिप्सी किंवा फोर्सची गुरखा? एक मित्र शेतापुरती एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखी बसून चालवायची चार जाड चाकांची उघडी गाडी, घ्यायला सांगतोय.

या सगळ्यात मला सर्वांत कामाचा शब्द सापडला तो म्हणजे ओढा. गेली चोवीस वर्षं मी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या, गाड्यांचंच काम करतो. गॅरेज पुणे-सातारा रस्त्यालगत असल्यामुळे भोर, वेल्हे, जावळीकडच्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी पाण्यामुळे येतात. म्हणून आधी ओढ्याचं बोलू, गाड्यांचं नंतर.

जुलैच्या एखाद्या आठवड्यात, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, गमबूट घालून हातात काठी घेऊन ओढ्यावर उभे राहा. गाडी ज्या रेषेने जाणार त्या रेषेवर चार ठिकाणी काठी टेकवा आणि पाणी कुठवर आलं ते खडूने काठीवर मारून घ्या. तळाला दगड लागतो, मुरूम लागतो की काठी रुतते, तेही बघा. पलीकडचा चढ निघतो तिथली माती मुठीत दाबा. बोटांच्या खुणा उमटून गोळा तसाच राहिला तर ती माती टायरच्या खाचांत भरून बसणारी आहे आणि तिथे गाडीपेक्षा टायर मोठा प्रश्न होणार.

मग गावातल्या वडापवाल्याला गाठा. हा माणूस बारा-पंधरा माणसं कोंबून, टू-व्हील ड्राइव्ह गाडीने, त्याच वाटेवर वर्षानुवर्षं ये-जा करतो. तो सगळा पावसाळा ओढा ओलांडत असेल तर तुम्हाला फोर-बाय-फोरची गरजच नाही; उंच गाडी आणि चांगले टायर पुरतील, चार-पाच लाख वाचतील. आषाढात तो ओढ्याअलीकडे थांबत असेल आणि ट्रॅक्टर मात्र जात असेल, तर फोर-बाय-फोर घ्या. ट्रॅक्टरही थांबत असेल तर त्या दिवसांत कोणतीच गाडी तिथून न्यायची नाही, कागदावर आकडा काहीही असो.

ही शेवटची गोष्ट मी फार कळकळीने सांगतोय. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली असते, नव्या गुरखाला ७०० मिलिमीटर. आकडे खोटे नाहीत, पण ते संथ पाण्यात, पक्क्या तळावर, सावकाश जाण्याचे आहेत. सह्याद्रीतला ओढा संथ नसतो. पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला लागलं की गाडीच्या अख्ख्या कुशीवर दाब येतो, शिवाय गाडी थोडी तरंगायला लागते आणि चाकांची पकड हलकी होते. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी अलीकडे लावा आणि त्या दिवशी आईला नेऊ नका.

तुमची काठी गुडघ्याच्या खालीच राहिली असं धरून निकाल आधीच सांगतो: तुमच्यासाठी जिमनी, मॅन्युअल गिअरची. चढ फारच वाईट निघाला किंवा शेतमाल बराच न्यायचा असला तर डिझेल थार फोर-बाय-फोर, मागच्या डिफरन्शियलला लॉक असलेली. जुनी गाडी तुमच्या परिस्थितीत घेऊ नये. आता कारणं.

अडचणीच्या वाटेवर गाडी पुढे काढणाऱ्या गोष्टी दोन: लो रेंज, आणि हवेत गेलेल्या चाकाकडून ताकद काढून जमिनीवरच्या चाकाला देण्याची सोय. लो रेंजमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) चाकांची ताकद दोन ते अडीच पट करतं आणि वेग तितकाच कमी करतं. ओढ्यातून वर येताना पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ ॲक्सिलेटर न देता, गाडी माणसाच्या चालीने चढते. क्लच जळत नाही, दगडावर चाक आपटत नाही. बाजारात ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना लो रेंज नसते. निसरड्या डांबरावर त्या उत्तम, पण तुमच्या चढावर क्लचचा वास घेऊन परत येतात. थार फोर-बाय-फोर, जिमनी, गुरखा, जिप्सी या चारही गाड्यांना लो रेंज आहे, म्हणून तुमची यादी मुळात बरोबर आहे. फक्त थारचं टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलही येतं, स्वस्त आहे म्हणून ते बुक करून बसू नका.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण याच गुणामुळे एक चाक खड्ड्यावर लोंबकळलं की सगळी फिरकी त्यालाच मिळते आणि जमिनीवरचं चाक गप्प राहतं. फोर-बाय-फोर लावलेली असूनही पुढचं एक आणि मागचं एक अशी तिरपी दोन चाकं गरगरत आहेत आणि गाडी जागची हलत नाही, हे दृश्य दर पावसाळ्यात दिसतं. यावर जिमनी असं करते की गरगरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते, मग ताकद दुसऱ्या बाजूला जाते. त्याला एक-दोन सेकंद लागतात. नवा माणूस तेवढ्यात घाबरून ॲक्सिलेटर सोडतो आणि सगळं फुकट जातं. हलकासा ॲक्सिलेटर धरून ठेवायचा, खालून टकटक आवाज आला तरी. थारच्या काही मॉडेलमध्ये मागच्या डिफरन्शियलला यांत्रिक लॉक येतं, चाक गरगरलं की आपोआप बसतं. सगळ्या मॉडेलमध्ये ते नसतं, म्हणून बुकिंगआधी लेखी विचारून घ्या. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहेत, चालकाने हाताने लावायचे. निव्वळ अडचणीतून निघण्याच्या बाबतीत या यादीत गुरखाला तोड नाही, हे मी मनापासून मान्य करतो.

मग गुरखा का नाही? नवी तुमच्या बजेटबाहेर जाते. आणि तुमचं आठवड्याचं गणित बघा: पुणे ते भोर पंचावन्न-साठ किलोमीटर, पुढे खोऱ्यातला रस्ता, मग अडीच किलोमीटर कच्ची वाट. म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर डांबर. कात्रज, कापूरहोळ, भोरची गर्दी, आणि पुण्यात सोसायटीतलं पार्किंग. जड आणि उंच गाडी आईसाठीही चढा-उतरायला अवघड.

वजनाची बाजू लोक विसरतात. जिमनी १२०० किलोच्या आसपास आहे, डिझेल थार तिच्याहून चार-पाचशे किलोने जड. चिखलात हलकी गाडी कमी रुतते, आणि रुतली तर गावातली पाच-सहा माणसं तिला ढकलून काढतात. तुमच्या वाटेला हा गुण फार मोठा आहे. जिमनीला पाच दारं असल्यामुळे आई मागेही नीट बसू शकते. तीन दारांच्या थारमध्ये पुढची सीट वाकवून मागे शिरावं लागतं, म्हणजे आईला कायम पुढे बसवा. पाच दारांची थार रॉक्स आहे, पण तिची फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये मिळते आणि तुमच्या आकड्यात बसणार नाही. जमिनीपासूनची उंची जिमनीची २१० मिलिमीटर, थारची २२६. हा दीड सेंटिमीटर खरंच महत्त्वाचा असेल तर काठीच्या मोजमापात आणि वाटेतल्या दगडांत ते दिसेल. जिमनीचा खरा तोटा सामान. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची, युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या न्यायच्या तर सीट पाडावी लागते. तीन दारांच्या थारची डिकी तर नावापुरतीच.

पेट्रोल की डिझेल? जिमनी आपल्याकडे फक्त पेट्रोलमध्ये मिळते, त्यामुळे तिथे प्रश्न मिटला. थार घेतलीत तर एक ध्यानात ठेवा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि ती काजळी जाळायला गाडी थोडा वेळ एका वेगाने पळावी लागते. दर आठवड्याला तुमचा हायवे होतो, म्हणजे फिल्टर साफ होत राहील. पण गाडी शेतावर ठेवून रोज फक्त दूध घालायला दोन किलोमीटर फिरवली तर तो तुंबतो, दिवा लागतो, आणि मग वर्कशॉप. असा वापर असेल तर पेट्रोल घ्या.

आता भरवशाचं. गॅरेजमध्ये बसून मला भरवसा असा दिसतो: गाडी भोरमध्ये बंद पडली तर तिचा क्लच केबल, सेन्सर किंवा व्हील बेअरिंग संध्याकाळपर्यंत मिळतं का, आणि ते बसवणारा माणूस तालुक्यात आहे का. मारुती आणि महिंद्रा इथे पुढे आहेत, कारण त्यांची वर्कशॉप आणि सुट्या भागांची दुकानं जवळ-जवळ आहेत. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून जीपचं काम हातात बसलेल्या मिस्त्र्यांच्या पिढ्या आपल्याकडे घडल्या. फोर्सचं मुख्य कार्यालय पुण्यातच आकुर्डीला आहे, तरी त्यांची वर्कशॉप तुलनेने कमी आहेत.

जुन्या गाडीबद्दल माझं मत कडक आहे, कारण मी तिच्यावरच पोट भरतो आणि लोक कुठे फसतात ते रोज बघतो. जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली. तिच्यावर प्रेम करणारी माणसं मला माहीत आहेत आणि त्यांचं प्रेम रास्त आहे. हलकी, साधी, कुठेही दुरुस्त होणारी. पण आठवड्याला पावणेदोनशे किलोमीटर, कमान पाट्यांवर, आईला घेऊन? नको. शिवाय पंधरा वर्षं झाली की पासिंग करून आरसीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी तेच.

तरी कुणी घेणारच असेल तर या चार गोष्टी स्वतः बघाव्यात. गाडी धुऊन, चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, नवा काळा रंग मारून दाखवली असेल तर तिथेच सावध व्हा. गेल्या वर्षी एक तरुण अशीच चकचकीत गाडी घेऊन आला, सौदा व्हायचा होता. मागच्या पाट्याचा हँगर चेसीला जिथे जोडतो तिथे मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. चांगलं लोखंड टणटण वाजतं. इथे पुठ्ठ्यासारखा भद्द आवाज आला. टोक फिरवून दाबलं तर ते आत गेलं आणि रंगाखालून गंजाची पूड हातावर सांडली. गाडी कोकण किनाऱ्यावर वाढलेली होती, खाऱ्या हवेने आतून खाल्लेली. तो मुलगा गप्प उभा होता. टोकनचे पैसे देऊन बसला होता.

दुसरं, डिफरन्शियलचं तेल. तळाचा नट खोलून चमचाभर तेल बोटावर घ्या. काळं चालेल. दूध घातलेल्या कॉफीसारखं फिकट असेल तर आत पाणी गेलंय. होतं असं: लांबच्या प्रवासाने डिफरन्शियल गरम होतं, मग गाडी थंड ओढ्यात शिरते, आतली हवा आक्रसते आणि सीलमधून किंवा श्वास घेण्याच्या छोट्या नळीतून पाणी ओढून घेते. नटाच्या लोहचुंबकावर पिठासारखी बारीक काजळी असते ती साधी झीज. कणी किंवा दाताचा तुकडा चिकटला असेल तर हात धुवा आणि चहा पिऊन निघा. तिसरं, फोर-एच (साध्या वेगाची फोर-बाय-फोर) आणि फोर-एल (लो रेंज) दोन्ही लावून, मातीवर, सरळ आणि वळवून गाडी चालवा. ‘वापरलीच नाही कधी’ ही कौतुकाची गोष्ट नाही. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर गंजून बसलेला असतो. चौथं, आरसीवर जे लिहिलंय आणि समोर जे उभं आहे ते एकच आहे का. बदललेलं इंजिन, कापून वाढवलेली बॉडी, मोठे टायर. मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच बोट दाखवते. पुढच्या बंपरवर बसवतात तो लोखंडी बुल बारही नको. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे आणि त्याने एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो.

एटीव्हीचं लवकर उरकतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक एटीव्ही रस्त्यावर चालवायला नोंदणीकृत होत नाहीत, आई त्यावर बसू शकत नाही, उतारावर तिरपी गेली की पटकन उलटते आणि सुटे भाग लांबून मागवावे लागतात. शेतातली ओझी वाहायची असतील तर गावातला ट्रॅक्टर भाड्याने सांगा.

टायरवर मात्र पैसे घाला. जिमनीला शोरूममधून येणारे टायर मुख्यतः डांबरासाठीचे असतात. त्याच मापाचे, १९५/८० आर १५, ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे) घ्या. मोठ्या खाचांचे मड-टेरेन घेऊ नका. तुमच्या नव्वद टक्के डांबरावर ते गुणगुणतात आणि ओल्या घाटात ब्रेक लांब लागतो. चिखलाआधी टायरमधली हवा कमी करून २२ पीएसआयवर आणा. टायर जरा पसरतो, पकड लांबते, दगडावर कापला जाण्याऐवजी त्याला कवेत घेतो. परत डांबरावर आलात की तिथेच भरा, म्हणजे बारा व्होल्टचा छोटा पंप आणि प्रेशर गेज गाडीत कायम. हे दोन्ही मिळून विंचच्या, म्हणजे दोराने गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राच्या, किमतीच्या कोपऱ्यातही येत नाही, आणि तुमच्या वाटेवर विंचपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडेल. बरोबर फावडं, दोन जाड फळ्या, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या). ट्रॅक्टरवाला मदतीला आला की घाईत पट्टा बंपरला किंवा ॲक्सलला बांधतो. त्याला थांबवा आणि कंपनीने दिलेला ओढण्याचा हूक दाखवा. हूक कुठे आहे हे गाडी घेतल्याच्या दिवशीच बघून ठेवा.

वापरातल्या दोन सवयी. कोरड्या डांबरावर फोर-एच लावू नका. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वेगातला फरक सोसणारं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मोठा घेर घेतात, मातीवर तो फरक घसरून निघतो, डांबरावर निघत नाही आणि शाफ्टमध्ये पीळ भरतो. गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी वाटली तर समजा पीळ भरलाय. आणि महिन्यातून एकदा, पाऊस नसला तरी, शेतात शंभर मीटर फोर-एल चालवा.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाची गाडी आणताना मी मारला होता. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, एक कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन उतरवावं लागलं. खर्च मी भरला. साध्या विम्यात हे नुकसान सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. नव्या गाडीच्या पहिल्याच पॉलिसीत ते घाला. आणि ओढा ओलांडून पलीकडे गेलात की पन्नास मीटर ब्रेक हलका दाबत गाडी चालवा, म्हणजे पाणी सुकतं.

शोरूमच्या फूटपाथवर टेस्ट ड्राइव्ह घेऊन काही कळणार नाही. आईला घेऊन जा, दोन्ही गाड्यांत तिला स्वतः चढू-उतरू द्या. थारच्या बाजूला पायरी लावून देतो म्हणतील. ती दगडाला सगळ्यात आधी लागते, म्हणून डिकीत एक छोटा लाकडी पाट ठेवा. मग शक्य झालं तर ओळखीतल्या कुणाची जिमनी घेऊन एका शनिवारी तुमच्या ओढ्यापर्यंत जा. काठीवरची खूण, मुठीतल्या मातीचा फोटो आणि चढाचा बाजूने काढलेला फोटो पाठवलात तर थारची गरज आहे की जिमनीवर भागेल, ते मी नक्की सांगू शकेन.